कार्पेट घातलेलं स्टेडियम

माझ्या मुलीला तिची पहिली अमेरिकन फुटबॉलची मॅच लख्ख आठवते. म्हणजे गेल्या जुलैपर्यंत आठवत होती. तारीख १ सप्टेंबर २००७, ठिकाण ॲन आर्बर, मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम, वय वर्षं चार. सगळीकडे चिडीचूप, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि पायऱ्यांवर एक माणूस दोन्ही हातांत डोकं धरून बसलाय. त्याच्या बुटाची लेस सुटलेली. हे ती शाळेत सांगायची, कॉलेजात सांगायची, मॅचच्या दिवशी पार्किंगमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसांनाही सांगायची. समोरचा मिशिगनवाला असला की तो छातीवर हात ठेवायचा. "तू होतीस त्या दिवशी?" त्या दिवशी तिथे असणं म्हणजे आपल्याकडे पानिपतावरून परत आल्यासारखं आहे.

जुलैत ती भांडी लावता लावता हेच कुणाला तरी फोनवर सांगत होती. फोन ठेवल्यावर मी सहज विचारलं, "कशा होत्या गं त्या पायऱ्या?"

"मऊ. खाकी कार्पेटच्या."

एक लाखावर माणसं बसतात त्या स्टेडियमला कार्पेट नाही. पायऱ्या काँक्रीटच्या, बाकं ॲल्युमिनियमची. खाकी कार्पेट होतं ते आमच्या जुन्या घरात, तळघरात उतरणाऱ्या जिन्याला.

झालं होतं ते असं. एका मित्राची दोन तिकिटं ऐनवेळी आम्हाला मिळाली. मी आणि नवरा गेलो, आणि मुलगी राहिली घरी माझ्या आईजवळ. आई तेव्हा कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. त्या दोघींनी टीव्हीवरही मॅच पाहिली नव्हती, कारण ती ज्या वाहिनीवर होती ती दोनच दिवसांपूर्वी सुरू झाली होती आणि आमच्या केबलवाल्याकडे ती नव्हती. संध्याकाळी आम्ही परत आलो. नवऱ्याने दार उघडलं, बूट न काढता सरळ आत गेला आणि जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर डोकं धरून बसला. आमच्या घरात बूट घालून कुणी आत येत नाही. पोरीच्या डोक्यात ते बूट पक्के बसले, आणि वर्षानुवर्षं घरात त्या दिवसाविषयी जे बोललं गेलं त्यातून बुटांभोवती हळूहळू एक स्टेडियम उभं राहिलं.

तिला हे सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

ज्यांना या खेळाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकन फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू, तोही बहुतेक वेळ हातात. (आईने पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "अगं, ह्यो फुटबॉल? हातानं खेळाल्यात की!" आमच्या पेठेतल्या बाईकडून ही टीका जिव्हारी लागते.) रविवारी व्यावसायिक संघ खेळतात, शनिवारी कॉलेजचे. व्यावसायिक संघ शहर सोडून दुसरीकडे जाऊ शकतो, मालक बदलू शकतो. कॉलेज कुठे जाणार? म्हणून शनिवारच्या संघावर माणसं जी माया करतात ती वेगळ्या जातीची असते. आजोबा त्याच कॉलेजात शिकलेले, किंवा आजोबा तिथे शिकलेच नाहीत पण शेजारच्या गावात कारखान्यात होते आणि तरीही शनिवारी अंगात निळा स्वेटर, असं ते प्रकरण आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हंगाम, घरच्या मैदानावर जेमतेम सात मॅचेस. नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या प्रत्येक मॅचला लाखावर माणसं आली आहेत, करोनाचं वर्ष सोडून.

आणि १ सप्टेंबर २००७ ला मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर होतं. समोर ॲपलॅशियन स्टेट नावाचा खालच्या श्रेणीतला संघ. हंगामाची सुरुवात एका सोप्या विजयाने व्हावी म्हणून असे पाहुणे बोलावतात, बिदागी देतात आणि परत पाठवतात. पाहुण्यांनी ३४-३२ ने हरवलं. शेवटच्या काही सेकंदांत मिशिगनने जिंकण्यासाठी मारलेली किक त्यांच्या एका पोराने उडी मारून अडवली. मी तिथे होते. एक लाख नऊ हजार माणसं गप्प बसली की कसा आवाज येतो ते मी ऐकलंय. बाकांचा येतो. माणसं हळूच उठतात आणि ॲल्युमिनियम करकरतं.

तर मुलीची आठवण खोटी निघाल्यावर मला एक खोड लागली. ज्याला त्याला विचारायचं, तुझी पहिली आठवण कोणती? स्टेडियमसमोरच्या पायोनियर हायस्कूलच्या हिरवळीवर मॅचच्या दिवशी सकाळपासून गाड्या लागतात, गाडीची मागची दारं उघडून शेगड्या पेटतात, मक्याची कणसं आणि सॉसेजं भाजतात. तिथे दोन फोल्डिंग खुर्च्यांमध्ये जाऊन उभं राहिलं आणि हा प्रश्न टाकला की पुढचा अर्धा तास तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही.

पहिल्या फेरीत सगळे मोठ्या मॅचेस सांगतात. १९९१ ची, ज्यात डेस्मंड हॉवर्डने अंग झोकून देऊन चेंडू पकडला. १९९४ ची, ज्यात कोलोराडोच्या पोराने अगदी शेवटच्या क्षणी चौसष्ट यार्डांवरून चेंडू भिरकावला आणि मिशिगन २७-२६ ने हरलं. मला तेव्हाच शंका यायची. सगळ्यांची पहिली मॅच ऐतिहासिकच कशी? मिशिगन दर साल कुठल्यातरी दुबळ्या संघाला एकतर्फी हरवतं आणि लोक तिसऱ्या भागात घरी निघतात. त्यातली एखादी कुणाचीच पहिली नव्हती? मानसशास्त्रवाले सांगतात की माणसाची सर्वांत जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते आणि तिच्यात नंतर ऐकलेलं पुष्कळ मिसळलेलं असतं. पण ते पुस्तकातलं झालं. मी दुसरा प्रश्न विचारायला लागले. "डोळे मीट. काय दिसतं?"

मग मॅच नाहीशी व्हायची. दिसायच्या त्या पाठी. उभ्या माणसांच्या पाठी, ओल्या लोकरीच्या कोटांचा वास, कुणाच्या तरी खिशाला लावलेलं पिवळं बटण. लहान पोराला बाकावर उभं केलं तरी पुढचा माणूस उभा राहिला की संपलं. थर्मासच्या झाकणातून प्यायलेलं कोको, जीभ भाजलेली. एकाला फक्त स्वच्छतागृहासमोरची रांग आठवत होती आणि बापाने त्याचा हात इतका घट्ट धरला होता की दुखत होतं, हे. एकीला हेल्मेटं आठवत होती. मिशिगनच्या निळ्या हेल्मेटवर पुढे पिवळे पंख रंगवलेले असतात, १९३८ पासून. ते पाहून तिला वाटलं होतं की ही माणसं नव्हेत, पाखरं आहेत, आणि मधेच उडतील. उडाली नाहीत म्हणून ती रडली. मिशिगन जिंकलं का हरलं? तिने खांदे उडवले.

आमच्या शेजारच्या घरात एक जोडपं राहतं, दोघांचीही पंचाहत्तरी उलटलेली. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारते, मनात मात्र काका-काकूच म्हणते. काकांची पहिली आठवण रेडिओची. वडील अंगणात पानं गोळा करताहेत, ओसरीच्या कठड्यावर रेडिओ, आणि रेडिओतून बॉब युफरचा आवाज. हा युफर १९४५ पासून १९८१ पर्यंत मिशिगनचं धावतं समालोचन करायचा. नि:पक्षपाती वगैरे असल्याचं सोंगही आणायचा नाही. मिशिगनला तो 'मीऽऽचिगन' म्हणायचा आणि टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले, की तीनदा भोंगा वाजवायचा. भोंगा दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल पॅटनच्या जीपचा आहे असं सांगायचा. १९७९ साली इंडियानाविरुद्ध अगदी शेवटच्या डावाला अँथनी कार्टरने चेंडू पकडून मॅच काढली, तेव्हा युफर किंचाळत होता की रडत होता हे अजून ठरलेलं नाही. पण काकांची आठवण त्याच्या किती आधीची. तिच्यात मॅच नाहीच. युफरचा आवाज चढला की वडील दाताळं उभं धरून त्याच्यावर हनुवटी टेकवायचे आणि थांबायचे. पुन्हा पानं. तेव्हा रस्त्याकडेला पानं जाळायचे, तो धूर. कोण कुणाशी खेळत होतं, विचारलं. "बाबा खेळत होते," काका म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले, पण तो विनोद नव्हता.

काकू इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला कुणी नेलंच नाही."

वडिलांकडे तीन तिकिटं असायची. एक त्यांचं, दोन दोघा भावांची. काकूंचं माहेर स्टेडियमच्या पश्चिमेला, मैलभरावर. त्या मागच्या अंगणात झोक्यावर बसायच्या आणि आरोळी ऐकायच्या. त्यांनी मला ती शिकवली. आपला टचडाऊन झाला तर आवाज चढतो, वर राहतो आणि मागून बँड सुरू होतो. किक चुकली तर आवाज चढतो आणि काच फुटल्यासारखा खाली पडतो. समोरच्यांनी गुण मिळवले तर काहीच येत नाही, नुसती झोक्याची कडी. भाऊ घरी येऊन स्कोअर सांगायच्या आत त्यांनी तो आईला सांगितलेला असायचा. पुढे त्या त्याच विद्यापीठात शिकल्या. क्लॅरिनेट उत्तम वाजवायच्या, पण मैदानावर उतरणाऱ्या बँडमध्ये तेव्हा मुलींना घेत नसत. १९७२ च्या मे महिन्यात त्यांनी पदवी घेतली आणि त्याच वर्षीच्या शरदात बँडमध्ये पहिल्यांदा मुली आल्या. हे सांगताना त्या रागावल्या नाहीत. फक्त टेबलावरचे तुकडे बोटाने गोळा करून बशीत टाकले.

या स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१. कितीही वाढवलं-घटवलं तरी आकडा १ वरच संपवतात. ती एक जास्तीची जागा फ्रिट्झ क्रायस्लरची, जुन्या प्रशिक्षकाची, ज्याने पंखांचं हेल्मेट आणलं त्याची. ती नेमकी कुठे आहे ते सांगत नाहीत. काकूंचं म्हणणं, "क्रायस्लरची कसली? ती माझी आहे." आता त्यांच्याकडे हंगामाची दोन तिकिटं आहेत आणि काका कधीकधी कुरकुरतात की ही इतकी ओरडते की शेजारी वळून बघतात.

माझ्या ऑफिसात एक गृहस्थ मूळचे कोलंबसचे, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे, म्हणजे शत्रू. त्यांच्या घरी मिशिगनचं नाव घेत नसत, 'ते वरचं राज्य' म्हणत. आपण रात्री सापाला नुसतं जनावर म्हणतो तसं. त्यांची आठवण २२ नोव्हेंबर १९६९ ची. ओहायो स्टेट सलग बावीस मॅचेस जिंकून इथे आलं होतं आणि मिशिगनने २४-१२ ने धुतलं. मिशिगनचा नवा प्रशिक्षक बो शेंबेक्लर हा ओहायोच्या वुडी हेजचाच चेला, त्याच्या हाताखाली घडलेला. पुढची दहा वर्षं गुरू-शिष्यांची ही लढाई चालली. आमचे गृहस्थ तेव्हा पाच वर्षांचे. त्यांना आठवतं ते एवढंच, की नोव्हेंबरच्या थंडीत संध्याकाळी बाबा बाहेर गाडी धूत होते. आईने सांगितलं, जेवणार का विचारून ये. हे अनवाणी गेले. ओल्या सिमेंटवर पाय गारठले. बाबांनी ऐकलं नाही, धुतलेलंच दार पुन्हा धूत राहिले. परत येऊन आईला सांगितलं, "हो म्हणाले." आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो ते मिशिगनमुळे, असं ते अजून मला ऐकवतात.

आपल्या लोकांतलीही एक आठवण सांगायलाच हवी. डेट्रॉईटच्या आसपास गाड्यांच्या धंद्यामुळे मराठी कुटुंबं पुष्कळ. १७ ऑक्टोबर २०१५, शनिवार, नवरात्र, एका मैत्रिणीकडे भोंडला. हॉलमध्ये पाटावर हत्ती, आम्ही बायका फेर धरलेल्या, आणि पुरुष झाडून सगळे तळघरात टीव्हीसमोर. मिशिगन २३-२१ ने पुढे. समोर मिशिगन स्टेट, याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ, सख्खा शेजारी. दहा सेकंद उरलेले, चेंडू लांब लाथाडायचा आणि घरी जायचं. लाथाडणाऱ्याच्या हातून चेंडू सुटला, समोरच्याच्या हाती गेला, तो पळाला, २७-२३. तळघरातून जो आवाज आला तो ऐकून आम्हाला वाटलं, कुणाला तरी झटका आला. फेर तुटला. मैत्रिणीचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, आता पंधराचा. त्याच्या लेखी मिशिगनची पहिली आठवण अशी: सगळे काका जिन्याने वर आले, कुणी बोलेना, आणि खिरापत ओळखायची राहूनच गेली. झाकलेला डबा तसाच. त्याला ठाऊक होतं आत काय आहे ते (खोबऱ्याच्या वड्या), सांगायला तो तासभर टपून बसला होता, आणि त्याला कुणी विचारलंच नाही.

माझ्याकडे मिशिगनची पहिली आठवण नाही. मी सव्विसाव्या वर्षी इथे आले. पहिली मॅच कधी, कुणाबरोबर, सगळं माहीत आहे, तिकीटही असेल कुठेतरी. बाहेरून बघितलं तर एक बुटकी भिंत. आत शिरलं की पायाखाली खोल उतरत गेलेली वाटी. मी म्हटलं, हे तर आपलं कोल्हापूरचं खासबाग मैदान! जमिनीत खोदलेलं, कुठूनही बसा, आखाडा दिसणार. नवऱ्याला वाटलं मला घरची आठवण येऊन रडू येतंय. तसं नव्हतं. चेंडू कुठे आहे तेच मला दोन तास कळलं नव्हतं.

माझी पहिली आठवण कोल्हापूरची. शाहू स्टेडियम, पेठेची तालीम खेळायची. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा, आणि तालीम म्हणजे पेठ, म्हणजे जन्मानेच ठरलेलं. त्या अर्थाने कॉलेजवाल्यांचं आणि आमचं जमतं. आबा, म्हणजे आजोबा, मॅच असली की दुपारीच टोपी चढवायचे. "चल गं, मॅच बघाय." मी आबांच्या खांद्यावर. खाली टोप्यांचा समुद्र, पलीकडे उन्हात पांढरं झालेलं मैदान, कागदाच्या पुडीत फुटाणे. इथल्या लोकांना मी जरा ताठ्यानेच सांगायचे की तुम्हाला पाठी दिसल्या, मला मॅच दिसली. मी वर होते.

दहाव्या वर्षी ते बंद झालं. कुणी भांडलं नाही, कुणी मनाईही केली नाही. एका दुपारी आबांनी टोपी चढवली, मी चपला घातल्या आणि आजी म्हणाली, "आता मोठी झाली की ती." आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. धाकट्या भावाला घेऊन गेले. काकूंनी झोक्याचं सांगितलं तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. आमच्या घरापर्यंत स्टेडियमची आरोळी पोचत नव्हती, एवढाच फरक.

गेल्या महिन्यात भावाशी फोनवर बोलत होते. त्याच्याकडे रात्र, पाठीमागे कुणाची तरी मोटरसायकल. मुलीच्या कार्पेटची गोष्ट सांगितली, तो पोट धरून हसला. मग मी म्हटलं, "माझं बरंय बाबा, मला आबांचा खांदा पक्का आठवतोय."

तो थांबला. "खांद्यावर मी असायचो, ताई."

"जा रे."

"अगं, मी लहान न्हवं का? मला चालवायचं न्हाई. तू खाली. माझ्या चपला हातात धरून चालायचीस. वर घेतलं की माझ्या चपला पडायच्या म्हणून आबा तुझ्याकडं द्यायचे."

मी काही बोलले नाही. मग विचारलं, एका चपलेचा अंगठा तुटला होता का? त्याला खालून खिळा मारला होता, जरा वर आलेला, धरलं की इथे, तळव्याच्या मधोमध टोचायचा.

"डावीच्या," तो म्हणाला. "आबांनीच मारला होता. तुला कसं म्हाईत?"